चाळणीत अडकलेली रजा

"आईला उलट्या होताहेत का?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"नाही हो," धाकटे म्हणाले. "पोटात गाठ आहे. शुक्रवारी काढणार आहेत."

"मग 'सिक' कसं लिहिलंत?"

धाकट्यांनी अर्जाकडे पाहिलं. 'माय मदर इज सिक' या वाक्यातल्या 'सिक'भोवती लाल पेन्सिलीचं गोल कडं होतं, कड्याच्या बाजूला हेडक्लार्कांची छोटी सही होती आणि सहीखाली तारीख होती.

"'सिक' म्हणजे बहुतेक वेळा पोट ढवळून येणं. गाठ असलेलं माणूस 'इल'."

"बरं. मग 'माय इल मदर' लिहू?"

"छे छे! नामाच्या आधी 'इल' बसत नाही. तिथे 'सिक'च."

"म्हणजे आईच्या आधी लिहिलं तर सिक आणि नंतर लिहिलं तर इल?"

"आत्ता कसं बोललात!" हेडक्लार्क खूश झाले आणि अर्ज त्यांनी परत दिला.

पाण्याचे मीटर बनवणाऱ्या कारखान्याचं हे ऑफिस. एक लांबट खोली, सहा टेबलं, आणि खिडकीतून दिसणारी कारखान्याची मागची भिंत. धाकटे इथे नोकरीला लागले तेव्हा सगळ्यांत लहान होते म्हणून त्यांना 'धाकटे' नाव पडलं. त्यानंतर भरतीच बंद झाली, त्यामुळे आता त्रेचाळिसाव्या वर्षी, डोक्यावरचे केस जवळजवळ संपल्यावरही, ते धाकटेच होते. हेडक्लार्कांना तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'चाळणी'. ऑफिसातला इंग्रजीतला प्रत्येक कागद त्यांच्यातून खाली पडल्याशिवाय मोठ्या साहेबांच्या केबिनपर्यंत जात नसे. आणि रजेचा अर्ज इंग्रजीतच लागे, तसा नियम होता. कोणी केला, कधी केला, विचारू नका. नियम होता.

आता चुका काढणारी माणसं जगात कमी नाहीत. पण चाळणीची एक खास रीत होती. ते एका वेळी एकच चूक दाखवत. पहिली चूक सापडली की तिथेच थांबत, पुढचं वाचतही नसत. "दोन सांगितल्या तर माणूस दोन्ही विसरतो," असं त्यांचं म्हणणं. शिवाय अर्ज बघायच्या वेळा दोनच, सकाळी दहाला आणि संध्याकाळी चारला, आणि नव्या अर्जासोबत आधीचे सगळे जोडावे लागत. म्हणजे एक चूक म्हणजे अर्धा दिवस. धाकट्यांनी सोमवारी सकाळी मनात हिशेब केला, शुक्रवारपर्यंत आठ चुका परवडतील. आपलं इंग्रजी इतकंही वाईट नाही, असं वाटून त्यांना जरा धीर आला.

अर्ज न देताच जावं, तर तीही सोय नव्हती. मागच्या वर्षी आई न्हाणीघरात घसरून पडली तेव्हा धाकटे हातातलं काम टाकून तसेच पळाले होते आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर मेमो आला होता. दुसरा मेमो म्हणजे नोकरी गेली, आणि नोकरी गेली की आईचा कंपनीचा विमा गेला. ऑपरेशन त्या विम्यावरच होणार होतं. तेव्हा रजा मंजूर झाल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हे पक्कं होतं.

संध्याकाळी अर्ज परत आला. 'आय वाँट लीव्ह' मधल्या 'वाँट'ला कडं होतं.

"वाँट म्हणजे हौस," चाळणी म्हणाले. "तुम्हाला हौस आहे का?"

"हौस कसली, साहेब?"

"मग 'नीड'. नीड म्हणजे गरज. उद्या सकाळी आणा."

घरी आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या करत होती. हॉस्पिटलात न्यायची पिशवी तिनं आठवडाभर आधीच भरायला घेतली होती, आणि रोज संध्याकाळी ती पुन्हा रिकामी करून पुन्हा भरायची.

"मिळाली का रे रजा?"

"नाही अजून. तू सिक आहेस की इल, एवढं आज ठरलं."

"मग काय आहे मी?"

"इल."

"वाईट असतं का ते?"

"नाही गं, शब्द आहे नुसता."

आईनं टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घातली. "हे बघ," ती म्हणाली, "मला दुसरं काही नको. मला आत नेतील तेव्हा तू दारात दिसला पाहिजेस. तुझ्या बाबांना आत नेलं तेव्हा मी खाली औषधाच्या रांगेत उभी होते. वर आले तर दार लागलेलं. मग जे झालं ते झालं. पण आत जाताना त्यांनी मान वळवून कोणाला शोधलं असेल, हे काही माझ्या डोक्यातून जात नाही."

"मी असेन," धाकटे म्हणाले. त्यांनी ताट तसंच झाकून ठेवलं.

मंगळवारी सकाळी 'द हॉस्पिटल'वर कडं पडलं.

"आई रुग्ण म्हणून जाणार ना? मग 'द' नको. नुसतं 'टू हॉस्पिटल'."

"आणि मी?"

"तुम्ही सोबत जाणार. तुम्ही 'टू द हॉस्पिटल'."

"एकाच गाडीतून जाणार आहोत, साहेब."

"गाडी एकच असेल. 'द' तुमच्या बाजूला."

समोरच्या टेबलावरचा टायपिस्ट तोंडात रुमाल कोंबून हसला. धाकट्यांना हसू आलं नाही. त्यांना चाळणीच्या हातातली ती लाल पेन्सिल घ्यावी आणि कारखान्याच्या भट्टीत टाकावी असं मनापासून वाटलं. पण ते म्हणाले, "बरं साहेब," आणि जागेवर जाऊन बसले.

संध्याकाळी अर्ज घेऊन ते टेबलापुढे उभे राहिले. चाळणीनं ओळ वाचली, 'शी इज लोन्ली, देअर इज नो वन एल्स', आणि या वेळी कडं काढायला त्यांना बराच वेळ लागला.

"'अलोन' लिहायचंय का तुम्हाला?"

"फरक आहे?"

"अलोन म्हणजे जवळ कोणी नाही. लोन्ली म्हणजे," चाळणी थांबले, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "लोन्ली म्हणजे आतून तसं वाटणं. जवळ माणसं असली तरी वाटतं. या खोलीत सहा टेबलं आहेत, तरी वाटू शकतं. आईचं कोणतं?"

"मी ऑफिसात असतो तेव्हा अलोन."

"आणि तुम्ही घरी असता तेव्हा?"

घरी असताना आपण आईशी काय बोलतो, ते धाकट्यांनी आठवून पाहिलं तर 'जेवलीस का' आणि 'दार लावून घे' एवढंच आठवलं. ते अर्ज घेऊन निघाले. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी आईला अलोन आणि लोन्ली यांतला फरक समजावून सांगितला. निदान तेवढाच विषय मिळाला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माणूस हुशार दिसतो. दुष्ट आहे, पण हुशार आहे."

बुधवारी सकाळी 'बाय मंडे' अडकलं. रजा सोमवार'पर्यंत' हवी असेल तर 'अनटिल', सोमवारच्या 'आत' एखादं काम उरकायचं असेल तर 'बाय'. चला, हेही कळलं. पण मग अनटिल मंडे म्हणजे सोमवार धरून की सोडून, यावर स्वतः चाळणीच अडखळले आणि त्यांनी खणातून खाकी कागदाचं कव्हर घातलेला जाडजूड कोश काढला. कोश चाळता चाळता साडेअकरा वाजले, अर्जाची वेळ टळली, आणि धाकट्यांच्या टेबलावरचा फोन वाजला.

हॉस्पिटलातून होता. शुक्रवारी डॉक्टर बाहेरगावी जाणार होते. ऑपरेशन उद्याच, गुरुवारी दुपारी तीनला. दीडपर्यंत पेशंटला घेऊन या, सकाळपासून पाणीसुद्धा द्यायचं नाही.

धाकट्यांनी फोन ठेवला. आठ चुकांच्या हिशेबातून दोन चुका कमी झाल्या होत्या. मग त्यांनी नव्या तारखा घालून नवा अर्ज लिहायला घेतला. आणि शेवटी, कोणी विचारलं नसताना, त्यांनी एक वाक्य जास्तीचं लिहिलं. माणूस घाबरला की जास्तीचं लिहितो.

चारला चाळणीनं नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं. "'आय विश शी गेट्स वेल'. इथे विश नाही चालणार."

"का?"

"विश म्हणजे बहुधा होणार नाही हे ठाऊक असून तसं वाटणं. होप म्हणजे होईल असं वाटणं. तुम्हाला यातलं कोणतं वाटतंय?"

"साहेब," धाकट्यांचा आवाज चढला, ऑफिसात पहिल्यांदाच, "उद्या दुपारी तिचं पोट फाडणार आहेत! रजेच्या अर्जात हे लागतं का?"

"वाक्य तुम्हीच लिहिलंत," चाळणी हळू आवाजात म्हणाले. "मी लिहिलं नव्हतं. मोठ्या साहेबांपुढे चुकीचा शब्द कसा जाऊ देऊ? बावीस वर्षांत एकही गेलेला नाही. उद्या दहाला आणा, धाकटे. मी पहिला तुमचाच घेतो."

गुरुवारी दहाला त्यांनी खरोखरच पहिला धाकट्यांचाच अर्ज घेतला. इल बरोबर, नीड बरोबर, 'द' गेलेला, अलोन बरोबर, अनटिल बरोबर, होप बरोबर. आणि शेवटच्या ओळीवर चाळणी थांबले.

"'ग्रँट मी लीव्ह'. ग्रँट म्हणजे कृपा म्हणून देणं. सँक्शन म्हणजे अधिकारानं मंजूर करणं. साहेब कृपा करणार की अधिकार वापरणार? थांबा, हे मला बघावं लागेल. बसा तुम्ही." आणि कोश उघडला गेला.

अकरा वाजले. साडेअकरा वाजले. घरून आईचा फोन आला, धाकटे म्हणाले, "निघतोच." पावणेबाराला आला, "हे काय, निघालोच." बाराला धाकट्यांनीच फोन केला, तर कोणी उचलेना.

सव्वाबाराला ऑफिसचं दार ढकलून आई आत आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तपासण्यांची फाइल, ओठ सुकलेले. तिनं सहा टेबलांवरून नजर फिरवली आणि कोणाला काही न विचारता बरोबर चाळणीच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली.

"तुम्हीच का ते चाळणी?"

टायपिस्टानं डोकं खाली घातलं. चाळणी उभे राहिले. "बसा मावशी, बसा. एकच शब्द राहिलाय आता."

"कोणता?"

"ग्रँट की सँक्शन."

"पहिला लिहिला तर काय होतं?"

"रजा मिळते."

"आणि दुसरा लिहिला तर?"

"रजा मिळते."

"मग?"

चाळणीनं कोशाचं पान उलटलं. आईनं पिशवी खुर्चीवर ठेवली, टेबलावर वजनाखाली ठेवलेल्या धाकट्यांच्या अर्जांतला हाताला लागला तो एक ओढला आणि विचारलं, "सही कोण करतं?" टायपिस्टानं डोकं वर न काढता केबिनकडे बोट दाखवलं. मोठ्या साहेबांना थेट भेटायचं नसतं हा नियम तिला कोण सांगणार! ती दार लोटून आत गेली. तिच्या मागे धाकटे आणि धाकट्यांच्या मागे चाळणी, असे दोघंही धावले.

मोठे साहेब सफरचंद कापत होते. समोर आलेल्या बाईंकडे पाहून ते अर्धवट उठले.

"सही पाहिजे," आई म्हणाली. "मला तीन वाजता कापणार आहेत."

साहेबांनी घाईघाईनं सुरी बाजूला ठेवली, पेन उचललं आणि कागदावर सही करून टाकली.

"साहेब!" चाळणी ओरडलेच. "तो सोमवारचा आहे! पहिला! त्यात 'सिक' आहे, 'वाँट' आहे, तारखा चुकीच्या आहेत, वर लाल कडंसुद्धा आहे!"

"असू द्या हो," साहेब म्हणाले. "तारखा घाला मागाहून. मी कुठे वाचतो? कागदावर तुमची छोटी सही दिसली की मी माझी करतो."

"पण ती मंजुरीची सही नाही. ती चूक दाखवल्याची सही आहे."

"असं होय? मला वाटायचं सगळ्या सारख्याच."

"कधीच वाचत नाही, साहेब?"

"वेळ कुठे असतो? पण चांगलं लिहिता तुम्ही, असं सगळे म्हणतात." आणि साहेबांनी आईपुढे सफरचंदाची फोड धरली. तिनं मान हलवून नको म्हटलं.

धाकट्यांनी सही झालेला कागद आधी उचलला. त्यांना नाचावंसं वाटत होतं आणि चाळणीला चार शब्द सुनवावेसेही वाटत होते. सुनवायचे शब्द तर चार दिवसांपासून तयार होते. पण त्यांनी वळून पाहिलं तर चाळणी केबिनच्या दारातच उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग पार उतरला होता. बावीस वर्षं म्हणजे कागद किती झाले असतील! धाकट्यांना त्यांची कीव आली, आणि ऐन आनंदात कीव यावी याचा रागही आला.

"चल," आई म्हणाली.

चाळणीनं टेबलावरचा कोश खणात टाकला, चष्म्याची डबी खिशात घातली आणि खुर्चीवरची आईची पिशवी उचलली. "मी येतो," ते म्हणाले.

"तुमची रजा?" टायपिस्टानं विचारलं.

"कोणी विचारलं तर सांग, गेलाय म्हणून."

गाडीत ते पुढे बसले, पिशवी मांडीवर घेऊन. आईनंच विचारलं, "घरी कोण असतं तुमच्या?"

"कोणी नाही. बायको होती. नऊ वर्षं झाली."

"मग तुमचं त्या दोन एकटेपणांतलं कोणतं? हा सांगत होता परवा."

चाळणीनं मागे वळून पाहिलं नाही. "दोन्ही," ते म्हणाले.

"दोन्हीसुद्धा चालतं का इंग्रजीत?"

"चालतं, मावशी."

हॉस्पिटलात दीडला पाच मिनिटं कमी असताना ते पोहोचले. मग कपडे बदलणं झालं, सुई टोचणं झालं, वाट पाहणं झालं, आणि अडीचला आईला चाकांच्या पलंगावर घालून लांब बोळात आणलं. बोळाच्या टोकाला हिरवं दार होतं. सिस्टरनं एक छापील कागद धाकट्यांपुढे धरला. "इथे सही करा. संमतीपत्र."

सही करायची तर वाचायला हवं, ही सवय चार दिवसांत धाकट्यांना लागलीच होती. त्यांनी वाचायला घेतलं आणि शेवटून तिसऱ्या ओळीत ते अडकले. 'द पेशंट मे डाय'. त्यांनी पेन कागदाला टेकवलं आणि उचललं. पुन्हा टेकवलं. आपण आपल्या हातानं या वाक्याखाली नाव घालायचं, म्हणजे आपण याला होच म्हणायचं, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात घुमायला लागलं.

"लवकर करा हो," सिस्टर म्हणाली. "आत डॉक्टर थांबलेत."

"काय झालं रे?" पलंगावरून आईनं विचारलं.

"काही नाही गं." पण हात हलेना.

चाळणी पुढे आले. त्यांनी कागद धाकट्यांच्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि शेवटून तिसऱ्या ओळीपर्यंत वाचला. मग खिशातून लाल पेन्सिल काढली.

"हे चूक आहे," ते म्हणाले. "इथे 'मे' नाही बसत. 'माइट' पाहिजे." आणि त्यांनी 'मे' खोडला, वर बारीक अक्षरात 'माइट' लिहिलं आणि बाजूला आपली छोटी सही केली.

"अहो, काय करताय? छापील फॉर्म आहे तो!" सिस्टर ओरडली.

"छापील चूक जास्त दूर जाते," चाळणी म्हणाले.

धाकट्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "साहेब, मे आणि माइटमध्ये फरक काय?"

"मे म्हणजे शक्यता आहे. माइट म्हणजे लांबची, अगदी लांबची. म्हणायचं म्हणून म्हणतात."

"खूप फरक आहे?"

"खूप," चाळणी ठामपणे म्हणाले. "जमीन-अस्मानाचा."

धाकट्यांनी सही केली. पलंग हलला, त्याच्याबरोबर धाकटे चालू लागले, दारापर्यंत गेले. आईनं मान वळवली, तिला मुलगा दिसला, आणि तिनं मान पुन्हा सरळ केली. हिरवं दार मिटलं. धाकटे दाराला हात लावून तिथेच उभे राहिले.

बोळात सिस्टर कागद उलटसुलट करून पाहत होती. "मीही इंग्रजीतच शिकले," ती चाळणीला म्हणाली. "खरंच एवढा फरक असतो दोघांत?"

चाळणीनं चष्मा काढला. दारापाशी उभ्या असलेल्या धाकट्यांकडे एकदा पाहून त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"नाही हो," ते म्हणाले. "जवळजवळ नसतोच."